ओल्ड गोव्याचं से कॅथेड्रल आणि त्याचा एकुलता टॉवर: कोल्हापूरहून येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापूरचा माणूस जन्मात किती वेळा गोव्याला जातो याला हिशेब नाही. ओल्ड गोव्यात मात्र तो वीस मिनिटं थांबतो. बॉम जीझस चर्चच्या दारात ग्रुप फोटो, आत मान वर करून संत फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेल्या पेटीकडं एक नजर, बाहेर लिंबू सोडा, की गाडी चालू. रस्त्याच्या पलीकडं एक पांढरी इमारत असते, एका अंगाला उंच आणि दुसऱ्या अंगाला बसकी. तिच्याकडं पाठ करूनच फोटो काढलेला असतो. तेच से कॅथेड्रल, आणि आमची सहल त्या इमारतीसाठी आहे. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

‘से’ म्हणजे काय? चर्च आणि कॅथेड्रल वेगळं असतं का?

‘से’ हा पोर्तुगीज शब्द. अर्थ आसन, म्हणजे आपल्या भाषेत गादी. कोल्हापूरकराला गादी म्हणजे काय हे समजावायची गरज नाही. चर्च कुठंही, कितीही असतात. ज्या चर्चमध्ये बिशपची, म्हणजे त्या भागाच्या मुख्य धर्मगुरूची, गादी असते ते कॅथेड्रल. इमारत लहान की मोठी याचा त्याच्याशी संबंध नाही. गोव्याचा बिशप १५५७ साली आर्चबिशप झाला आणि पुढं कोचीन, मलाक्का, मकाव इथली धर्मठाणी या गादीच्या हाताखाली आली. आज आर्चबिशप राहतात पणजीत, गादी मात्र ओल्ड गोव्यातच आहे. छत्रपती नव्या राजवाड्यात राहायला गेले तरी भवानी मंडप भवानी मंडपच राहिला, तसं समजा.

किती जुनं आहे? कुणी बांधलं?

पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा घेतला. तो दिवस संत कॅथरीनचा सण, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाचं. आता उभी आहे ती इमारत १५६२ ला सुरू झाली आणि १६१९ ला उभी राहिली. आतल्या वेद्यांचं काम १६५२ पर्यंत चाललं. म्हणजे पाया बघणाऱ्यानं कळस बघितला नाही. लांबी अडीचशे फूट, रुंदी एकशे एक्याऐंशी, दर्शनी भिंतीची उंची एकशे पंधरा फूट. आकडे वाचून काही होत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांना मुख्य दारापासून वेदीपर्यंत एकदा गुपचूप चालायला लावतो. पावलं मोजा. गाडीत बसल्यावर विचारणार आहे.

टॉवर एकच का? बांधायचा राहिला का?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो, कारण त्यानं नीट बघितलेलं असतं.

टॉवर दोन होते. इमारतीकडं तोंड करून उभं राहिलं की डावीकडचा, म्हणजे दक्षिणेचा, तो आज आहे. उजवीकडचा १७७६ साली कोसळला. वीज पडली, असं सांगतात. तो पुन्हा बांधलाच नाही. का बांधला नाही, यात ओल्ड गोव्याची सगळी कथा आली. कॉलरा आणि हिवतापानं हे शहर पोखरलं होतं. व्हाइसरॉय १७५९ मध्येच पणजीला राहायला गेला होता. लोक निघून चालले होते. ज्या गावात माणसंच राहिनात तिथं टॉवर कुणासाठी बांधायचा? पुढं १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली आणि मागं चर्च, फादर आणि नारळीची झाडं राहिली.

म्हणून आमची सहल दारातून आत शिरून सुरू होत नाही. आधी समोरच्या हिरवळीवर झाडाखाली उभं राहायचं आणि जिथं टॉवर नाही त्या बाजूकडं बघायचं. रिकामी जागा दिसायला जरा वेळ लागतो. हात उभा धरून डावा टॉवर झाका, म्हणजे इमारत एकदम बैठी, सरळसाधी होते. हात काढला की ती पुन्हा एका खांद्यावर कलते. हे एकदा दिसलं की माणूस तिला विसरत नाही.

टॉवरवर चढायला मिळतं का?

तो बेत करून येऊ नका. टॉवर खालून बघायचा असतो. उंचावरूनच बघायची हौस असेल तर जवळच माउंटच्या चॅपेलची, म्हणजे छोट्या चर्चची, टेकडी आहे. तिथून मांडवी, दिवाडी बेट आणि झाडीतून वर आलेले चर्चचे माथे एका नजरेत येतात. वेळ उरला तर नेतो.

सोन्याची घंटा खरंच सोन्याची आहे का?

नाही. नाव पडलं ते आवाजामुळं. टॉवरमध्ये पाच घंटा आहेत, त्यातली ही सर्वांत मोठी, आणि गोव्यात तिच्याएवढी दुसरी नाही. ती १६५२ साली कुंकळ्ळीत ओतली. पंचवीस वर्षांत मला ती जवळून एकदाच ऐकायला मिळाली. आधी ठोका येतो तो छातीत. कानात जो सूर घुमतो तो नंतर, आणि तो बराच वेळ विरत नाही. आमच्यातले एक तबलजी काका होते, ते नुसते ‘आस बघा, आस’ म्हणत उभे राहिले; आस म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, शिक्षा जाहीर व्हायच्या तेव्हा हीच घंटा वाजायची, असं सांगतात. ते माहीत असलं की तोच सूर वेगळा लागतो.

पोर्तुगीज घंटा आपल्याला नवीन नाहीत. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा काढून आणल्या आणि त्या देवळांना वाहिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला आजही बघायला मिळतात. सहलीला यायच्या आधी त्यातली एखादी बघून आलात तर गप्पांना रंग येईल.

आत काय बघायचं? सगळी चर्चं सारखीच दिसतात.

सगळी देवळं सारखीच दिसतात असं कुणी म्हटलं तर आपण काय म्हणू?

आत शिरल्यावर आधी वर बघा. मधल्या मोठ्या दालनाचं छत पिंपासारखं गोल वळलेलं आहे. दोन्ही बाजूंना चार चार चॅपेल, म्हणजे मुख्य देवळाच्या ओवऱ्यांत असतात तशी छोटी प्रार्थनास्थानं. समोर टोकाला सोनेरी मुलाम्याची प्रचंड लाकडी वेदी. तिच्यावर संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. ही अलेक्झांड्रियाची विदुषी. तिला काटेरी चाकावर मारायचं ठरलं, पण चाकच मोडलं, तेव्हा तिचा शिरच्छेद केला, अशी कथा आहे. म्हणून तिच्या चित्रांत, मूर्तींत चाक दिसतं. आपल्याकडं गदा दिसली की मारुती ओळखतो, तसं चाक दिसलं की कॅथरीन.

बाजूच्या एका चॅपेलमध्ये चमत्काराचा क्रूस आहे. १६१९ साली त्यावर येशूचं दर्शन झालं आणि तो क्रूस वाढत गेला, अशी श्रद्धा आहे. तिथं लोक मनापासून हात जोडून बसलेले असतात, त्यांच्या पुढ्यात घुटमळू नका. जाता जाता चॅपेलच्या लाकडी जाळ्या बघा. एवढं बारीक कोरीव काम की पलीकडचा मेणबत्तीचा उजेड तुकड्यातुकड्यांनी अलीकडं येतो.

आणखी एक. आपल्या अंबाबाईचं तोंड पश्चिमेला, म्हणून किरणोत्सव मावळतीचा. या कॅथेड्रलचं दार पूर्वेला आहे. सकाळचं ऊन दर्शनी भिंतीवर सपाट येतं आणि चुन्याचा पांढरा रंग पिवळसर होतो. गाडी पहाटे चारला का काढता, म्हणून जे कुरकुरतात त्यांना माझं हे उत्तर.

पांढरं का? समोरचं बॉम जीझस तर लाल आहे.

दोन्ही जांभ्याचीच. आजऱ्यापासून खाली कोकणात उतरलात की जांभा दिसायला लागतो, तोच दगड. सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा देऊन दर काही वर्षांनी सफेदी करायची पद्धत होती. कॅथेड्रलला तो गिलावा आहे. बॉम जीझसचा गिलावा १९५० च्या दशकात दगड उघडा दिसावा म्हणून काढून टाकला. फोटोत लाल भिंत छान येते, पण तेव्हापासून ती भिंत प्रत्येक पावसाळ्यात झिजतेय. हात लावून बघू नका, भुकटी बोटाला येते.

चपला बाहेर काढायच्या का?

नाही, चर्चमध्ये पादत्राणं घालून जातात. पण सवय जात नाही. आमच्या एका सहलीत आजींनी कितीही सांगितलं तरी ऐकलं नाही. ‘देवाच्या दारात पायताण घालून? मला नाही जमायचं.’ कापशीची नवी कोरी जोडी पायरीखाली काढून ठेवली आणि अनवाणी आत गेल्या. बाहेर आल्या तर जोडी गायब. दोन तास अनवाणी फिरल्या, तक्रार काही केली नाही, उलट गाडीत म्हणाल्या, फरशी गार होती. तुम्हाला काढाव्याशाच वाटल्या तर पिशवीत घालून हातात धरा.

टोपी मात्र पुरुषांनी काढायची. गॉगल डोक्यावर नको.

कपड्यांचं काय?

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. थ्री-फोर्थ, बर्म्युडा, बिनबाह्यांचे टॉप घालून दारात परत फिरायची वेळ येते. बीचचे कपडे बॅगेत ठेवा, संध्याकाळी घाला. साडी, सलवार-कमीज, पँट-शर्ट, काही अडचण नाही.

आम्ही हिंदू आहोत, आत सोडतात ना? हार, नारळ नेऊ का?

सोडतात. कुणी जात-धर्म विचारत नाही. नारळ फोडायची जागा नाही, हार घालायचीही नाही. मेणबत्ती लावायची असेल तर ती ठरलेल्या जागीच. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा किंवा बाहेर थांबा, मधून फिरू नका.

एक गोष्ट जरा स्पष्ट सांगतो. मिस्सेत शेवटाकडं लोक रांगेनं पुढं जाऊन फादरांकडून पांढरी चकती घेतात. तो आपल्या अर्थानं प्रसाद नाही. ख्रिस्ती श्रद्धेनं तो येशूचा देह आहे आणि दीक्षा घेतलेल्यांनाच तो घेता येतो. आपल्यापैकी कुणी भाबडेपणानं रांगेत उभं राहतं, हात पुढं करतं आणि मग सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. रांगेत जाऊ नका, बस्स.

तिकीट किती?

कॅथेड्रलला तिकीट नाही. मागच्या बाजूला संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, त्याला आहे. ते शुक्रवारी बंद असतं, म्हणून आमची सहल शुक्रवारी कधीच नसते. रविवारी सकाळी मिस्सा असतात, म्हणून रविवारीही नाही. शनिवार ठरलेला.

फोटो काढू देतात का?

दारावरची पाटी वाचा आणि तसं वागा. फ्लॅश नाही. वेदीकडं पाठ करून सेल्फी तर नाहीच.

देवळं पाडणाऱ्यांच्या चर्चला कशाला जायचं?

असं विचारणारे बरेच असतात आणि हा प्रश्न मी टाळत नाही. गोव्यात देवळं पाडली गेली. इन्क्विझिशन १५६० ला आलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत होतं. त्याची कचेरी याच कॅथेड्रलसमोरच्या चौकात होती, लोक तिला ‘ओरलें घोर’ म्हणजे मोठं घर म्हणत. आज ती इमारत नाही. जागा मी दाखवतो, आणि तिथं काय चालायचं तेही सांगतो, मुलं पुढं असली तर जरा जपून.

देवही गप्प बसले नाहीत, नदी ओलांडून गेले. मंगेशी मूळचा कुठ्ठाळीचा, तो रातोरात प्रियोळला नेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. तेव्हा तो मुलूख पोर्तुगीजांच्या बाहेर होता. कोल्हापुरात ज्यांचे कुलदेव फोंड्याकडं आहेत त्यांच्या घरच्या गोष्टी इथूनच सुरू होतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंगेशीला आणि शांतादुर्गेला जातो. आधी कॅथेड्रल, मग मंगेशी, हा क्रम मी मुद्दाम ठेवलाय. उलटा केला तर अर्धी गोष्ट निसटते.

आणि सेंट कायतानच्या चर्चजवळ एक दार उभं आहे, ते चुकवू नका. नुसतं दार, मागं वाडा नाही. आदिलशहाच्या वाड्याचं म्हणतात. आजूबाजूला सगळा जांभा असताना हे मात्र काळ्या दगडाचं, कोरीव, उभे खांब आणि वर आडवी शिळा. आपल्या देवळांतले खांब बघितलेल्या माणसाला ती घडण लगेच ओळखीची वाटते. पन्हाळ्यावर सज्जा कोठी बांधणारी तीच ही आदिलशाही. एका दारात तीन राजवटी, आणि शेजारी पर्यटकांच्या गाड्यांचं पार्किंग.

संभाजी महाराज इथं आले होते का?

अगदी दारापर्यंत. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी जुवे बेट घेतलं. ते या शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर बेट परत घ्यायला गेला आणि मार खाऊन परतला. शहर आता जाणार असं वाटल्यावर तो बॉम जीझसमध्ये गेला, झेवियरची पेटी उघडायला लावली आणि आपला अधिकाराचा दंड त्या शवापाशी ठेवला. आता राज्य तुम्हीच सांभाळा, असा त्याचा अर्थ. पुढं मुघल फौज कोकणात उतरल्यामुळं महाराजांना माघारी फिरावं लागलं. गोवेकर त्याला झेवियरचा चमत्कार मानतात. आमच्या गाडीत या मुद्द्यावर अंबोलीपर्यंत वाद चालतो, चालू द्या.

झेवियरची पेटी कधी उघडतात?

दर दहा वर्षांनी. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं. तेव्हा पेटी बॉम जीझसमधून मिरवणुकीनं याच कॅथेड्रलमध्ये आणतात आणि लोक रांगेनं दर्शन घेतात. एरवी ती उंचावर असते, चांदीची, १६३७ साली गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली. दर वर्षी ३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त असतं. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या प्रार्थना, चालतात, पाय ठेवायला जागा नसते. शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा. गर्दीच बघायची असेल तर तेव्हाच या. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाढलेल्या माणसाला त्या गर्दीचं काही वाटायचं नाही.

पुस्तकात दिसतो तो पडका, उंच, लाल टॉवर हाच का?

नाही, तो संत ऑगस्टीनचा. घोटाळा नेहमीचा. कॅथेड्रलपासून चालत पंधरा मिनिटं, चढावर. चर्च १६०२ चं, टॉवर ४६ मीटर. पोर्तुगीज सरकारनं १८३५ मध्ये मठ बंद केले, चर्च ओस पडलं. छत १८४२ मध्ये खाली आलं, दर्शनी भिंत आणि टॉवरचाही अर्धा भाग १९३१ मध्ये गेला, आणखी काही भाग १९३८ मध्ये. आज उरलाय तो उभा चिरलेल्या उसासारखा, एका बाजूनं आतडं दिसणारा. त्याची घंटा पणजीच्या झिगझॅग पायऱ्यांच्या चर्चवर आहे, १८७१ पासून. म्हणजे इकडं टॉवर आहे आणि घंटा दुसरीकडं.

याच ढिगाऱ्यात जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले. तिला १६२४ मध्ये इराणात शिराजला हाल करून मारलं आणि ऑगस्टीन साधूंनी अवशेष गोव्यात आणले होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेनं डीएनएवरून खात्री केली आणि २०२१ मध्ये भारतानं त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. कुठली राणी, कुठलं गाव, आणि चारशे वर्षं ती पडून होती आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर.

गाईड मराठी बोलतो का?

कॅथेड्रलच्या आवारात भेटणारे गाईड हिंदी, इंग्रजी, कोकणी बोलतात, मराठी बहुतेकांना समजतं. कुणाला घ्यायचं तर आधी ओळखपत्र बघा आणि पैसे ठरवा. एकानं आमच्या गटाला पाच मिनिटांत तीन चमत्कार, दोन भुतं आणि एक भुयार सांगितलं. मी आता स्वतःच सांगतो, तेही बाहेर झाडाखाली. आत गेल्यावर मी बोलत नाही आणि तुम्हीही बोलू नका. प्रश्न साठवून ठेवा.

वयस्कर माणसांना जमेल का? लहान मुलं?

कॅथेड्रल, बॉम जीझस, संग्रहालय, सगळं सपाट आणि जवळजवळ आहे. आत बसायला बाकं आहेत. ऑगस्टीनचा चढ ज्यांना नको त्यांना गाडीनं वर सोडतो. मुलांना घेऊन या, फक्त आत पळापळी नको. त्यांना चाक शोधायला सांगा, पंधरा मिनिटं शांततेत जातात.

कुठून, कसं जायचं? पावसाळ्यात सहल असते का?

दसरा चौकातून पहाटे चारला. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, अंबोली, बांदा, म्हापसा, पणजी, आणि तिथून रायबंदरच्या रस्त्यानं दहाएक किलोमीटर. नाश्ता आजऱ्यात. अंबोलीची वळणं लागणाऱ्यांनी पुढच्या सीटचं आधी सांगावं, घाटात सांगू नये.

जून ते सप्टेंबर सहल नाही. घाटात धुकं आणि दरडी, आणि ऑगस्टीनच्या जांभ्यावर शेवाळ. एकदा मीच घसरलोय, कंबर तीन आठवडे सांगत होती.

जेवणाचं?

ओल्ड गोव्यात जेवणाची फार अपेक्षा ठेवू नका, पणजीत जेवतो. मासे खाणाऱ्यांची चंगळ. तांबडा-पांढरा मागू नका, मिळतो त्याला तांबडा म्हणवत नाही.

मग बीचला नेता की नाही?

नेतो. पणजीजवळ मिरामारला, सूर्य बुडायच्या आधी तासभर. पोहायला ती जागा बरी नाही, पाय भिजवा. सातला सगळे गाडीपाशी, वाळू झटकून. आणि पावलं किती झाली ते तिथंच विचारतो.